मणी ओवायला वेळ नाही, वाटाणा सोलायला आहे

सुरुवातीची सात-आठ वर्षं मी माझ्या उपचार केंद्रात येणाऱ्या मुलांच्या पालकांना एक कागद द्यायचे. त्यावर दहा व्यायाम छापलेले असत. मणी ओवणे, चिमट्याने कापूस उचलणे, क्ले मळणे, ठिपके जोडणे, चेंडू झेलणे वगैरे. प्रत्येकी दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. कागद चांगला जाड, खाली माझी सही आणि शिक्का. पुढच्या खेपेला विचारलं की पालक "हो मॅडम, करतोय की" म्हणायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे. मुलाचे हात होते तिथेच.

मग एकदा कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या एका बाईंनी मला सरळच सांगितलं. "मॅडम, रागावू नका. सहाला नळाला पाणी येतंय, सातला ह्यांचा डबा, साडेसातला थोरल्याची रिक्षा. मग धुणं, भांडी, सासूबाईंच्या गोळ्या. ह्यात मणी ओवायला बसू कवा?" मी विचारलं, सकाळी तुम्ही भाजी निवडता तेव्हा हा काय करतो? "ह्याच्या हातात मोबाईल देतो की. न्हाईतर सगळं विस्कटतोय." त्या दिवशी भाजी कुठली होती? वाटाणा.

वाटाण्याची शेंग कधी सावकाश सोलून बघा. टोकाला अंगठ्याचं नख रुतवायचं, शीर ओढायची, दोन्हीकडून दाबलं की शेंग टक् करून उघडते, मग अंगठा आतून फिरवत दाणे भांड्यात पाडायचे. एका हाताने धरायचं, दुसऱ्याने काम करायचं, एखादा दाणा उडून ओट्याखाली गेला तर वाकून शोधायचा. माझ्या कागदावरचे दहापैकी चार व्यायाम एका शेंगेत बसलेले. पाव किलोत अशा तीस-चाळीस शेंगा. आणि शेवटी त्याची उसळ होते. माझ्या केंद्रात ओवलेल्या मण्यांचं काय होतं? मूल दाराबाहेर पडलं की मी ते दोऱ्यातून काढून डब्यात ओतते, पुढच्या मुलासाठी. मुलांना हे कळत नाही असं आपल्याला वाटतं.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. सरकारी मराठीत व्यवसायोपचार. ही पाटी वाचून एकदा एक आजोबा नातवाला नोकरी मिळेल का विचारायला आले होते. खरं तर या शब्दातला व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभर ज्यात गुंतलेला असतो ते सगळं: अंघोळ, कपडे, जेवण, खेळ, काम. म्हणजे ज्या शास्त्राचं नावच रोजच्या कामांवरून पडलं ते शिकून मी रोजची कामं बाजूला सारली आणि मणी वाटत बसले होते. त्या कागदाची लाज मला आजही वाटते.

तेव्हापासून माझं मत पक्कं होत गेलं आहे. सहा वर्षांखालच्या मुलाला नवीन काही शिकवायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे त्याच्या घरातला ठरलेला दिवस. ती जागा आपण कोल्हापूरकरांनी, निदान पेठांतल्या आणि कॉलन्यांतल्या खात्यापित्या घरांनी, मुलांकडून काढून घेतली आहे. मूल मध्ये येऊ नये म्हणून मोबाईल देतो, आणि त्या मोबाईलने जे बुडालं त्याची भरपाई म्हणून संध्याकाळचा ॲक्टिव्हिटी क्लास लावतो. तिथे काय करतात? ताटलीतली राजमा-हरभऱ्याची मिसळ निवडायला देतात.

साधा हिशोब मांडते. माझ्याकडे मूल आठवड्यातून दोनदा येतं, पाऊण-पाऊण तास. झाला दीड तास. उरलेल्या आठवड्यात ते निदान ऐंशी तास जागं असतं. त्यात एकवीस वेळा तरी खातं, सात वेळा अंघोळ करतं, चपला किती वेळा घालतं-काढतं याची तर गणतीच नाही. दीड तासात मी कितीही जादू केली तरी ऐंशी तासांपुढे तिचा काय पाड लागणार? अमेरिकेत रॉबिन मॅकविल्यम या अभ्यासकाने याच विचारावर लहान मुलांना मदत करायची एक पद्धत उभी केली. त्यात तज्ज्ञ आईवडिलांना विचारतो, सकाळी उठल्यापासून सांगा. आधी काय होतं, मग काय होतं, तेव्हा मूल काय करतं, आणि ती वेळ तुम्हाला कशी जाते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, ही तर गल्लीतल्या कुठल्याही मावशीची चौकशी. फरक इतकाच की मावशी लगेच सल्ला देते आणि हा माणूस आधी पूर्ण ऐकून घेतो.

ठरलेल्या कामात शिकणं सोपं का जातं, याचं उत्तर न्हाणीघरात मिळतं. बादलीत गरम पाणी, मग विसण, मग पहिला तांब्या पायावर, साबण, "डोळे मीट", डोक्यावर पाणी, पंचा. रोज हेच, याच क्रमाने, याच शब्दांत. पुढे काय होणार हे मुलाला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे त्याचं डोकं मोकळं असतं, आणि मोकळ्या डोक्यात नवीन एक गोष्ट शिरू शकते. अडीच वर्षांचा एक मुलगा होता, चार-पाच शब्दांच्या वर बोलत नव्हता. त्याच्या आईला मी एवढंच सांगितलं, तांब्या वर धरा, "आता डोळे..." म्हणा आणि थांबा. मनात पाच आकडे मोजा. पुढचं बोलू नका. पहिले आठ-नऊ दिवस काहीच झालं नाही, पोरगं नुसतं तांब्याकडे बघत राहिलं. मग एका सकाळी तांब्या वर, आई गप्प, आणि खालून आवाज आला, "मीत!" बाईंनी मला पावणेआठला फोन केला. मुलगा अजून ओलाच होता.

यात शिकवण्यासारखं काही नाही, थांबण्यासारखं आहे. आणि आम्हा कोल्हापूरकरांना गप्प बसणं तसं जडच जातं. मुलाच्या वाट्याचं वाक्य आपणच बोलून टाकतो. पाहुण्याने "नाव काय बाळ तुझं?" विचारलं की नाव आई सांगते, वय बाप सांगतो आणि शाळा आजी.

भाषेचीच आणखी एक गंमत सांगते. आमच्याकडे बायका "मी आलो", "मी जातो" म्हणतात. वरच्या बाईही "मोबाईल देतो" म्हणाल्या ते तुमच्या लक्षात आलं असेल. मीही घरी असंच बोलते, लिहिताना तेवढी सावरते. तीन वर्षांची कोल्हापूरची मुलगी "मी पडलो" म्हणते तेव्हा पुण्याची आत्येभावंडं हसतात. तिला हे कुणी शिकवलं? कुणीच नाही. कुणी पाटीवर लिहून दिलं नाही, गिरवून घेतलं नाही. आई, आजी, काकू दिवसभर जे बोलतात त्यातून तिने नियम उचलला आणि बरोबर वापरला. "मी" म्हणताना पडलो, पण "ताई पडली". एवढं बारीक व्याकरण रोजच्या वावरातून जे मूल उचलतं, त्याला त्रिकोण-चौकोन शिकवायला आपण महिन्याची फी भरतो.

कामातही तेच, फक्त पायऱ्या उतरत्या क्रमाने द्यायच्या. आमच्या धंद्यातली ही जुनी युक्ती आहे. समजा चड्डी घालायला शिकवायची. आपण सगळे पहिल्या पायरीपासून सुरू करतो: चड्डी धर, पाय घाल. मूल पहिल्याच पायाला अडकतं, रडतं, रिक्षा खाली हॉर्न मारत असते, आणि आई खसकन चड्डी वर ओढते. म्हणजे मूल रोज शिकतं काय, तर आपण सुरू करायचं, फसायचं आणि आईने पूर्ण करायचं. उलट करा. तुम्ही दोन्ही पाय घाला, चड्डी गुडघ्याच्या वरपर्यंत आणा, आणि शेवटचा हिसका तेवढा मुलाला मारू द्या. काम त्याच्या हातून पुरं होतं. चार दिवसांनी गुडघ्यापासून, मग घोट्यापासून. हात धुताना शेवटचं काम नळ बंद करणं. अंथरूण घालताना शेवटचं काम उशी ठेवणं. याला सकाळी जास्तीचे दहा सेकंद लागतात, दहा मिनिटं नव्हे. वेळ नाही म्हणणाऱ्या पालकांशी मी एवढीच घासाघीस करते.

१९७६ साली डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी तीन ते पाच वर्षांची मुलं लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचत असताना त्यांना मदत कशी करावी लागते हे बारकाईने टिपलं आणि त्या मदतीला परांचीची उपमा दिली. इमारत उभी राहत जाते तशी परांची उतरवायची असते. आपल्या घराघरांतून ती उतरतच नाही. साडेपाच वर्षांचा पोरगा, आजी अजून घास भरवते, तेही समोर मोबाईल उभा करून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली, त्याहून कमी असेल तर बरंच. पण मला तासाहून जास्त काळजी जेवणाची वाटते. पडद्याकडे बघत आ करणाऱ्या मुलाला ताटात काय आहे ते दिसत नाही, पोट भरलं की नाही ते कळत नाही, आणि भाकरीचा तुकडा मोडून रश्शात बुडवून, न गळता तोंडापर्यंत न्यायची कसरत त्याला कधी करावीच लागत नाही. ही कसरत चिमट्याने कापूस उचलण्याहून कितीतरी वरच्या दर्जाची आहे.

स्वयंपाकघराबाहेरचं एक उदाहरण देते. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि समोर धार काढून दूध मिळतं, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. तिथे एक आजोबा नातीला घेऊन यायचे. किटली नातीच्या हातात. मी बाजूला उभी राहून पाहिलं आहे. आधी थांबायचं, कारण पुढे चारजण आहेत. आपला नंबर आला की झाकण काढायचं. धारेचा आवाज रिकाम्या भांड्यात वेगळा, भरत आल्यावर वेगळा. काठोकाठ फेस आला की नात म्हणायची, भरलं. आजोबा काही बोलायचे नाहीत. दोघं कडेला सरायची. थोड्या वेळाने फेस बसायचा आणि नात आत डोकावून म्हणायची, "कमी झालं ओ आज्जा! कुणी प्यालं?" भरल्यासारखं दिसणं आणि भरलेलं असणं यातला हा फरक वर्गात दोन पेले मांडून समजावता येतो. पण कट्ट्यावर तो रोज दिसतो, ऊन ऊन, आणि घरी जाऊन पिताही येतो. आजोबांनी एकदाही "फेस म्हणजे काय सांग बरं" असं विचारलं नाही, याबद्दल मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

कारण हल्ली दुसरा एक रोग आला आहे. रोजच्या कामातून शिकवा, असं कुठेतरी वाचून पालक घराचाच वर्ग करतात. भेंडीचा कलर कुठला? टोमॅटो किती? मोठा कुठला, छोटा कुठला? हे तर भाजी निवडता निवडता घेतलेले पेपरच. मूल दोनदा उत्तर देतं, तिसऱ्यांदा उठून जातं. ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत आहे असा प्रश्न लहान मुलालाही खोटा वाटतो. त्याऐवजी "हा टोमॅटो मऊ पडलाय, आजच चिरू" असं आपल्याशीच बोलल्यासारखं बोललं तरी पुष्कळ. काम खरं असावं, बोलणं खरं असावं. अमेरिकेत अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा एक अभ्यास आहे. खोटंखोटं करण्याचं आणि खरंखुरं करण्याचं असे दोन पर्याय दिले तेव्हा चार वर्षांपुढच्या मुलांनी बहुतांशी खरं काम पसंत केलं. भातुकलीला माझा विरोध नाही. पण ओट्यावर खरी कोथिंबीर पडलेली असताना पोरीला प्लॅस्टिकचं गाजर कापायला बसवणं मला अन्यायाचं वाटतं.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मला सगळ्यात खरा वाटतो, माझ्या आजीमुळे. १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. दंड का लावावा लागला? कारण मूल घरी लागत होतं. गुरं राखायला, धाकट्याला काखेत घ्यायला, शेण काढायला. माझी आजी त्यानंतर पुष्कळ वर्षांनी जन्मली, तरी दुसरीत तिची शाळा सुटली, कारण पाठची दोन भावंडं सांभाळायला कुणी नव्हतं. तिला आयुष्यभर भाकरी उत्तम जमली आणि सही जमली नाही. तेव्हा 'घरकाम हीच खरी शाळा' असं कुणी फार गोड आवाजात सांगायला लागलं की मला आजीचा शाई लागलेला अंगठा दिसतो.

म्हणून मी एक खूण धरून ठेवली आहे. मुलाने हात लावल्यामुळे काम लवकर उरकत असेल तर सावध व्हायचं, तिथे राबवून घेणं सुरू झालं. चार वर्षांच्या मुलाने हात लावल्यावर कामाला दुप्पट वेळ लागायला हवा, पाणी सांडायला हवं, आणि आपल्याला थोडं वैतागायला व्हायला हवं. घराला मुलाची गरज नसते, मुलाला घराच्या कामाची असते. काम मूल सहज सोडून उठू शकलं पाहिजे. आजी उठू शकत नव्हती.

दुसरी खूण, काम मुलगा करतो की मुलगीच? माझ्याकडे येणाऱ्या घरांत "पोरगा हाय, त्याला काय भांडी पुसायला लावतीस?" हे वाक्य अजून ऐकू येतं, आणि बऱ्याचदा ज्या आजीने स्वतः जन्मभर भांडी घासली तिच्याच तोंडून. तिच्याशी मी वाद घालत नाही. "आज्जी, त्याची बोटं अजून वळत नाहीत, पेन्सिल धरता येत नाही, डॉक्टरी उपाय म्हणून चमचे पुसू द्या" म्हटलं की तीच रोज चमचे काढून ठेवते. जरा लबाडी आहे ही माझी, पण चालते.

आणि बाप? रोजच्या कामातून शिकवा, हा सल्ला बहुतेक वेळा आईच्या डोक्यावर आणखी एक ओझं होऊन बसतो, हे मी कबूल करते. म्हणून मी बापांना रविवार धरायला सांगते. कोल्हापुरात रविवारचं मटण आणणं हे पुरुषाचं काम, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. कितीतरी घरांत रस्सासुद्धा तेच करतात आणि त्याचा अभिमान मिरवतात. मग त्या कामात पोराला घ्या. पिशवी त्याने धरायची, सुट्टे पैसे त्याने द्यायचे, घरी आल्यावर लसूण त्याने सोलायचा. खोबरं भाजताना त्याने फक्त वासावरून सांगायचं, झालं का. चटणीच्या डब्याला तेवढा हात लावू देऊ नका. एका बापाने तोही लावू दिला होता आणि रविवारची दुपार पोराचे डोळे धुण्यात गेली.

आता शाळांकडे येते, कारण हा प्रश्न नुसता घराचा नाही. माझी भाची ज्युनियर केजीत होती तेव्हा रात्री नऊला वहीवर पेंगायची. रोज दोन पानं एबीसीडी. शेवटी बहीण तिचा हात धरून लिहायची, म्हणजे लिहायची बहीणच. शाळेला हे दिसत नसेल असं नाही. जन्माच्या वेळी मनगटातली आठही छोटी हाडं कूर्चेची असतात, ती एकेक करून हाडाची होत जातात आणि शेवटचं एक्स-रेत दिसायला दहा-एक वर्षं उजाडतात. याचा अर्थ तोवर पेन्सिल धरूच नये असा नव्हे. पण त्या हाताला पिळणं, दाबणं, ओतणं, कणीक तिंबणं आधी हवं, ओळीत बसणारी अक्षरं नंतर. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एक पायाभूत टप्पा मानला, २०२२ मध्ये त्याचा आराखडा आला, त्यात खेळ आणि अनुभव यांवर भर आहे. कागदावर सगळं छान आहे. वहीत दोन पानं आहेतच.

बालवाडीचा लेखी गृहपाठ बंद व्हावा, हे माझं स्पष्ट मत आहे. त्याच्या जागी 'घरी एका कामात हात लावू द्या' एवढंच सांगावं. पण हे सुचवतानाही मला धडकी भरते. कारण शाळा लगेच त्याचा प्रोजेक्ट करतील. भाजी निवडतानाचा फोटो ग्रुपवर टाका, शुक्रवारपर्यंत, युनिफॉर्ममध्ये. मग आया फोटोपुरती मेथी आणतील.

ही कल्पना नवीन नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, काढलं, तेव्हा पाणी ओतणं, टेबल पुसणं, बटणं लावणं हे त्यांच्या अभ्यासक्रमातच होतं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि त्यांच्याबरोबर अनुताई वाघ यांनी १९४५ नंतर बोर्डीत आणि मग कोसबाडला जे केलं ते तर याहून पुढचं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडी वस्तीच्या अंगणात नेली. तिथे नखं कापणं, अंघोळ, केस विंचरणं हा शिक्षणाआधीचा सोपस्कार नव्हता, तेच शिक्षण होतं. खुद्द कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि अनुभवातून शिकणं म्हणजे काय ते आपल्या डोळ्यांदेखत करून दाखवलं. आम्हाला शोधायला लांब जावं लागत नाही, नुसती मान वळवावी लागते.

अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. आज तिथे जाऊन बघा. खिचडीची वेळ झाली की मदतनीस पोरांना ओळीत उभं करते आणि भराभर एकेकाचे हात स्वतःच धुते. तिला दोष नाही. सेविकेला पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर नोंदी भरायच्या असतात, रजिस्टर असतं, वजनं असतात, आणि वरून येणारा माणूस नोंद बघतो, पोरांचे हात बघत नाही. त्या हात धुण्याला दहा मिनिटं जास्त दिली तर साबण धरणं, आळीपाळी, पुढच्याला जागा देणं, नळ बंद करणं, एवढं सगळं त्या दहा मिनिटांत बसतं. पण दहा मिनिटांचा रकाना कुठल्या नोंदीत नसतो. मला अंगणवाडीला नवीन खेळण्यांची पेटी नको आहे. सेविकेच्या हातातली कागदं आणि रकाने कमी करा, मुलांच्या उंचीला एक नळ बसवा.

माझ्या म्हणण्याला दोन मर्यादा आहेत, आणि त्या मला झाकायच्या नाहीत. पहिली, सगळं काही रोजच्या कामातून येत नाही. वाचायला शिकवावंच लागतं. ज्या मुलाची वाढ मागे पडली आहे त्याला तज्ज्ञ लागतो, आणि ती वाढ आईने वाटाणा सोलू दिला नाही म्हणून मागे पडलेली नसते. हे मला ठळक लिहायचं आहे, कारण आया आधीच स्वतःला दोष देऊन थकलेल्या असतात. दोन वर्षांचं मूल बोलत नसेल तर "ह्याचा बाप पण उशिरा बोलला" यावर विसंबू नका, दाखवून घ्या. आणि काही मुलांना, विशेषतः स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना, ठरलेला क्रम इतका हवा असतो की तांब्याच्या जागी प्लॅस्टिकचा मग आला तरी आकांत होतो. तिथे क्रम मोडायचा नाही. सगळं तेच ठेवून एकच गोष्ट केसभर बदलायची, आणि धीर धरायचा.

दुसरी मर्यादा मला जास्त टोचते. ठरलेला दिवस असायला आधी घर लागतं, नळ लागतो, संध्याकाळी घरी येणारं माणूस लागतं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आलटून-पालटून पाळ्या करणाऱ्या आईबापांचा दिवस दर आठवड्याला फिरतो. दिवाळीनंतर जिल्ह्यात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्या पोरांची सकाळ फडाच्या कडेला, बैलगाडीखाली उजाडते आणि ऊस तोडून झाला की फडही बदलतो. त्यांच्या आईला मी विसणाच्या तांब्याची गोष्ट सांगायला गेले तर ती माझ्याकडे कशी बघेल ते मला ठाऊक आहे. त्या मुलांकडे काम तर भरपूर असतं, धाकटं सांभाळणं असतं, पाणी भरणं असतं. वरची खूण लावली तर ते सगळं आजीच्या बाजूचं. तिथे शाहू महाराजांचा एक रुपयाच पुन्हा लागेल, फक्त या वेळी तो पालकाकडून घ्यायचा की कारखान्याकडून, हे ठरवावं लागेल.

माझा तो जाड कागद मी बंद केला. आता साधी वहीतली चिठ्ठी असते. वर मुलाचं नाव, खाली एकच ओळ रिकामी: रोजचं कुठलं काम? ते मी ठरवत नाही, घरचं माणूस ठरवतं. कुणी 'देवापुढची पणती' लिहितं, कुणी 'गाडी पुसणे'. मंगळवार पेठेतल्या त्या बाईंनी तेव्हा 'लसूण' लिहिलं होतं. वाटाण्याचा हंगाम संपला होता.

महिन्याभराने आल्या. म्हटलं, कसं चाललंय?

"सोलतोय की, रोज आठ-धा पाकळ्या. पर साल वाटीत टाकतोय नि लसूण सालीत. काल आमटीत साल आली, तर हे बोलाय लागले."

मग?

"मग काय. म्हटलो, उद्यापासनं तुमीबी बसा त्याच्या शेजारी."